घोरपडीच्या कमरेची दोरी

माणसाच्या इतिहासात मानाचे पान मिळालेली जनावरे मोजकीच. राणा प्रतापाचा चेतक घोडा आहे. रायगडावरचा वाघ्या कुत्रा आहे, मग त्याच्या खरेखोटेपणाविषयी पंडित कितीही भांडोत. पण घोडा काय किंवा कुत्रा काय, ही माणसाच्या दारातली जनावरे. त्यांच्या इमानाची गोष्ट ऐकताना मन फारसे अडखळत नाही. मराठ्यांच्या इतिहासात मात्र असा एक जीव मानकरी होऊन बसला आहे, की जो कधी कोणाच्या दारात बांधला गेला नाही, जो हाकेला ओ देत नाही आणि धनी ओळखत नाही. तो जीव म्हणजे घोरपड. तिच्या कमरेला दोरी बांधावी, तिला कड्यावर फेकावे, तिने नखे रोवावीत आणि त्या दोरीवरून मावळ्यांनी गड चढावा, हे चित्र आपल्या मनात इतके ठसलेले आहे, की ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखे आपण सांगतो.

कोल्हापूरच्या मुलखात राहणाऱ्याला तर या घोरपडीला टाळून इतिहासात शिरताच येत नाही. वायव्येला विशाळगड आहे. तिची पहिली कथा तिथली. कागल तालुक्यात सेनापती कापशी आहे. तिथे तिचे नाव आडनाव होऊन राहिले. पूर्वेला इचलकरंजी आहे. तिथे ते नाव उसने घेतले गेले. आणि सिंहगडाची कथा पडद्यावर आणली ती कोल्हापूरकरांनीच, तीही दोनदा: १९२३ साली बाबूराव पेंटरांनी मूकपटात आणि १९३३ साली प्रभातसाठी व्ही. शांतारामांनी बोलपटात.

इतिहास लिहिताना आपण दोन साक्षीदार तपासतो. एक कागद, दुसरी लोकांची आठवण. या प्रकरणात एक तिसरा साक्षीदारही हजर आहे. तो म्हणजे ते जनावर. तो मेलेला नाही, परागंदा झालेला नाही. आपल्या बांधावरच्या वारुळात आजही राहतो आहे. पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र या तिघांना दुभाषी म्हणून बसवले, तर त्याची साक्ष काढता येते. या लेखात मला तेवढेच करायचे आहे.

पहिल्याने कागद पाहू.

आजचा विशाळगड म्हणजे जुना खेळणा. शाहूवाडी तालुक्यात, सह्याद्री कोकणात कोसळतो त्या धारेजवळ तो उभा आहे. भोवती खोल दऱ्या आणि किर्र रान. १४५३ साली मलिक-उत-तुज्जार हा बहमनी सरदार या बाजूला आला, तेव्हा शिर्क्यांनी वाट दाखवण्याच्या मिषाने त्याला अशा रानात नेऊन घातले, की त्याच्या फौजेची तिथेच कत्तल उडाली. त्या पराभवाचे उसने फेडण्यासाठी महमूद गावान हा बहमनींचा मोठा वजीर १४६९ साली कोकणच्या मोहिमेवर निघाला आणि १४७२ साली गोवे घेऊन थांबला. खेळणा पडला तो याच मोहिमेत.

कसा पडला? मुधोळच्या घराण्याची हकीकत अशी आहे की, कर्णसिंह आणि त्याचा पुत्र भीमसिंह हे बहमनींच्या चाकरीत असलेले दोन वीर या वेढ्यात होते. त्यांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून त्या कड्यावर चढवल्या आणि त्या दोराने माणसे वर घेतली. कर्णसिंह त्या चढाईत पडला. भीमसिंहाला सुलतानाने १४७१ साली ‘राजा घोरपडे बहादूर’ हा किताब आणि मुधोळची जहागीर दिली. इथून घोरपडे हे आडनाव सुरू झाले. मुधोळकर घोरपडे आणि साताऱ्या-कोल्हापूरचे भोसले हे मूळचे एकाच वंशाचे, असेही ही परंपरा सांगते.

या नावाने पुढे काय काय पाहिले! मुधोळचे बाजी घोरपडे १६४८ साली शहाजीराजांना कैद करण्यात पुढे होते, आणि १६६४ साली त्याचे प्रायश्चित्त त्यांना शिवाजीमहाराजांच्या हातून मिळाले. त्याच नावाचा संताजी घोरपडे औरंगजेबाच्या फौजांना सळो की पळो करून सोडणारा सेनापती झाला आणि १६९७ साली घातपाताने मेला. गुत्तीचे मुरारराव, सोंडूरचे संस्थानिक, गजेंद्रगडकर, कापशीकर, सारे घोरपडेच. सगळ्यांत गमतीची गोष्ट इचलकरंजीची. नारो महादेव जोशी हा म्हापणचा ब्राह्मण मुलगा संताजीच्या पदरी वाढला, मोठा झाला, आणि आपल्या धन्याच्या उपकाराखातर त्याने जोशी हे आडनाव टाकून घोरपडे हे नाव घेतले. इचलकरंजीचे संस्थानिक त्याच्याच वंशातले. घोरपड खेळण्याच्या कड्यावर चढली की नाही हा वाद राहू द्या. ब्राह्मणाच्या घरावर मात्र ती निश्चित चढली.

आता एवढे मोठे घर ज्या पायावर उभे आहे, तो पाया पाहिला तर तो मुधोळकरांच्या दप्तरातील फारसी फर्मानांचा आहे. द. वि. आपट्यांसारख्या व्यासंगी माणसाने ती फर्माने घेऊन त्या घराण्याचा इतिहास लिहिला. पण त्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांचे एकमत झालेले नाही. म्हणजे कागद आहे, पण तो निःशंक साक्ष देत नाही.

आता सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. तानाजी मालुसरे कोंढाणा चढला, उदेभानाशी झुंजला, दोघेही पडले आणि गड आला. या प्रसंगाचे जुने मराठी वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. सभासद हा महाराजांच्या पदरचा माणूस. राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून त्याने जिंजीस बसून १६९७ च्या सुमारास बखर पुरी केली. त्याने कड्याचा प्रसंग दिला आहे. निवडक दोन मावळे रात्री कड्यावरून वर गेले, वानर चढतात तसे गेले, असे तो सांगतो. उपमेसाठी त्याला वानर सुचले, घोरपड सुचली नाही. घोरपडीसारखी नवलाची गोष्ट खरोखर घडली असती, तर ती तीस वर्षांत विस्मरणात जाण्यासारखी होती काय?

घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. तिचे नाव यशवंती. ती कड्यावरून माघारी फिरते, तो अपशकुन मानला जातो, तानाजी तिला मारून खाण्याचा धाक घालतो आणि मग ती वर जाऊन घट्ट बसते. हॅरी अ‍ॅक्वर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने जुने पोवाडे गोळा करून १८९१ साली छापले, त्यांत हाही पोवाडा आला. छापखान्याने यशवंतीला शाळांपर्यंत पोचवले. डफावरच्या थापेत जी गोष्ट रस म्हणून ऐकली जात होती, ती धड्यात आल्यावर घटना म्हणून पाठ होऊ लागली.

एकदा सिंहगडाचा धडा शिकवत असताना राधानगरीकडच्या एका शेतकऱ्याच्या पोराने मला विचारले, “गुर्जी, कमरेला दोरी बांधताना ती चावत न्हाई काय?” वर्ग खो खो हसला. मला मात्र तो प्रश्न चांगल्या संशोधकाच्या तोलाचा वाटला. कारण त्या मुलाने घोरपड पाहिली होती. बाकीच्यांनी पोवाडा ऐकला होता. तेव्हा त्या मुलाच्या बाजूने आता खुद्द जनावराकडे वळू.

घोरपडीशी आपली ओळख पोवाड्यापेक्षा फार जुनी आहे. संस्कृतात ती ‘गोधा’. मनुस्मृतीत पाच नखांच्या जनावरांपैकी जी थोडी खाण्यास योग्य म्हणून सांगितली आहेत, त्यांत ती आहे. वाल्मीकीचा वाली मरता मरता रामाला हीच यादी ऐकवतो. प्रत्यंचेच्या माऱ्यापासून हात वाचवण्यासाठी धनुर्धारी जो चामड्याचा पट्टा बांधत, त्यालाही गोधाच म्हणत. मूर्तिकारांनी तिला गौरीच्या पायाशी बसवले. गोधासना गौरीच्या मूर्ती प्रसिद्ध आहेत. आहार, चिलखत आणि वाहन अशा तिन्ही रूपांत जुन्या लोकांनी तिला पाहिले. शास्त्रज्ञ तिला वॅरॅनस बेंगालेन्सिस म्हणतात. नाकपुडी तिरपी चिरल्यासारखी, जीभ सापासारखी दुभंगलेली, शेपूट चाबकासारखे, आणि पायाच्या पाच-पाच बोटांना वाकडी धारदार नखे. पुरी वाढलेली घोरपड शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत भरते आणि वजन सात किलोपर्यंत जाते. पण एवढी मोठी क्वचित. बांधावर दिसणारी तिच्याहून पुष्कळ हलकी.

पहिला दुभाषी पदार्थविज्ञान. भिंतीवर चढणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दोन तऱ्हा आहेत. घरातली पाल ही एक तऱ्हा. तिच्या बोटांच्या तळव्यावर अतिसूक्ष्म केसांचे ताटवे असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो फाटे फुटलेले असतात. हे फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात, की भिंतीचे रेणू आणि केसाचे रेणू यांच्यात व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे क्षीण आकर्षण सुरू होते. एकेक ओढ नगण्य, पण लाखोंची बेरीज मोठी. २००० आणि २००२ साली केलर ऑटम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवले. टोके जातीच्या मोठ्या पालीच्या चार पायांवर सुमारे पासष्ट लाख केस असतात; ते सारे एकाच क्षणी पुरते चिकटले, तर हिशेबाप्रमाणे सुमारे १३० किलो वजन पेलता येईल. म्हणजे ढाल-तलवारीसकट दोन मावळे! दैवाचा विनोद असा की, माणूस पेलण्याची पकड निसर्गाने दिली ती पालीला, आणि किताब मिळाला तो घोरपडीला.

घोरपडीची तऱ्हा दुसरी. तिच्या बोटांना असले केस नाहीत. तिचा सारा भरवसा नखांवर. नखाची पकड म्हणजे आकड्याची पकड. खडकात नखाच्या टोकाहून मोठी खाच असेल तरच आकडा अडकणार. जांभ्याच्या खडबडीत पाठीवर ती सुखाने चढेल. काळ्या पाषाणाच्या घोटीव कड्यावर तिचे नख निसटेल. आपल्या जिल्ह्याच्या नावाची एक पालही याच नखवाल्या पंथातली आहे. दाजीपूरच्या रानात सापडलेली ही दिवसा वावरणारी चिमुकली पाल २००९ साली शास्त्राला नवी म्हणून जाहीर झाली आणि तिला ‘कोल्हापुरेन्सिस’ हे नाव मिळाले. तिच्या पोटावर उजेडात इंद्रधनुष्यी झाक दिसते. तो रंग कुठल्या द्रव्याचा नसून खवल्यांवरच्या बारीक समांतर रेघांनी प्रकाश फोडल्याचा परिणाम आहे. बोटांना चिकट गाद्या नसताना ती खडकावर लीलया फिरते, कारण ती हलकी आहे.

हलकेपणाचा हा मुद्दा महत्त्वाचा. शरीर दुप्पट लांब झाले, तर त्याचे वजन आठपट होते, पण स्नायूंची जाडी आणि म्हणून ताकद चौपटच वाढते. हा विचार गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडला. तेव्हा शिवाजीमहाराज आठ वर्षांचे होते. मुंगी आपल्याहून जड दाणा ओढते आणि हत्तीला ते जमत नाही, याचे कारण यात आहे. घोरपडीचे पिल्लू झाडावर सहज राहते. मोठी घोरपड बहुतेक वेळ जमिनीवर काढते. पाच किलोच्या घोरपडीने पन्नास-साठ किलोचा माणूस तोलायचा म्हणजे स्वतःच्या दहा-बारापट भार घ्यायचा, तोही चार-सहा नखांच्या टोकांवर. आणि भार कुठे? कमरेला. तिथे दोरीचा फास बसून माणूस लोंबकळला, तर खडकावरची नखे सुटण्याआधी जनावराचे प्राण सुटतील.

तरीही ‘घोरपडीसारखा चिकटला’ ही म्हण खोटी नव्हे. जिवावर बेतले की घोरपड फटीत किंवा बिळात शिरते, फुप्फुसात हवा भरून अंग फुगवते आणि दोन्ही बाजूंच्या दगडांत पाचर ठोकल्यासारखी बसते. शेपूट धरून ओढावे तो नखे आणखी रुततात आणि फुगलेले अंग आणखी दाबले जाते. दोन गडी लागले तरी ती निघत नाही, असे रानातले लोक सांगतात, त्यात तथ्य आहे. लोकांनी पाहिले ते हे. पण ही पकड बिळाची आहे, उघड्या कड्याची नव्हे. आणि ती स्वतःचा जीव वाचवण्याची आहे, दुसऱ्याला वर घेण्याची नव्हे.

दुसरा दुभाषी रसायन. त्याचा प्रश्न एकच आहे: घटना रात्रीची की दिवसाची? माणसाच्या शरीरात शेगडी सतत पेटलेली असते. घोरपडीच्या शरीरात ती जवळजवळ नाही. तिला ऊब सूर्याकडून उसनी घ्यावी लागते. सकाळी ती उन्हात अंग टाकून पडते, अंग पस्तीस अंशांच्या आसपास तापले की मग शिकारीला निघते. स्नायूंतली प्रत्येक हालचाल ही शेवटी रासायनिक क्रियाच. आणि तापमान दहा अंश उतरले की अशा क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. वीस अंश उतरले तर पाव. माघातल्या रात्री सिंहगडावर धडधाकट माणसाला कांबळे लागते. अशा वेळी घोरपड बिळात गारठून, डोळे मिटून पडलेली असते. तिला ओढून बाहेर काढली तरी ती कडा चढणार नाही; धड पळणारही नाही. भर उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता गड घ्यायचा असता, तर तिचा विचार करता आला असता. पण दुपारी बारा वाजता गड घ्यायला कोण जातो?

तिसरा दुभाषी जीवशास्त्र, आणि त्या शेतकऱ्याच्या पोराचा प्रश्न त्याच्याच कक्षेतला. होय, ती चावते. जबड्याने धरले तर सोडवणे कठीण, शेपटीचा फटका निराळाच. घोरपडीचे कुळ सरड्या-पालींच्या जगात हुशार मानले जाते. प्राणिसंग्रहालयांत तिच्या मोठ्या भाऊबंदांना ठरावीक खुणेवर खाणे घ्यायला शिकवतात. पण खाण्यासाठी खूण ओळखणे निराळे आणि काळोखात, अनोळखी कड्यावर, कमरेला ओझे घेऊन, कोणी सांगितले म्हणून वर जाणे निराळे. कुत्रा आपल्यासाठी धोका पत्करतो, कारण तो कळपातला प्राणी आहे आणि आपल्याला कळपात धरतो. घोरपड एकटी जगते. आई अंडी घालते, पुष्कळदा वारुळात पुरते आणि निघून जाते. पिल्ले आईचे तोंड न पाहता जगाला लागतात. आज्ञा आणि इमान या गोष्टींना तिच्या आयुष्यात जागाच नाही. यशवंतीला माघारी फिरल्याबद्दल तानाजीने धाक घातला, हे पोवाड्यात शोभते; घोरपडीच्या डोक्यात शिरत नाही.

तीन दुभाष्यांची साक्ष अशी एका बाजूला पडते. तरी जनावराला पिंजऱ्यातून खाली उतरवण्याआधी, तिच्याजवळ खरोखर जे नवल आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सरडा पळताना पाहा. तो एक झेप घेतो, थांबतो, पुन्हा झेप घेतो. कारण पळताना त्याचे अंग डावी-उजवीकडे वाकते, आणि ज्या बरगड्यांच्या स्नायूंनी ते वाकवायचे त्याच स्नायूंनी श्वास घ्यायचा असतो. एका वेळी एकच काम. घोरपडीच्या कुळाने यातून वाट काढली. पळताना ती गळ्याची पिशवी भात्यासारखी हलवून हवा फुप्फुसात ढकलते. आपल्या घोरपडीच्या आफ्रिकेतल्या भावंडावर प्रयोग करून अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली हे सिद्ध केले. त्याच आफ्रिकी जातीच्या फुप्फुसाविषयी २०१३ च्या अखेरीस दुसरा शोध लागला. आपल्या फुप्फुसात हवा आली त्याच वाटेने परत जाते. तिच्या फुप्फुसातल्या बऱ्याच भागात ती पक्ष्यांप्रमाणे एकाच दिशेने वाहते. म्हणजे चिमणीच्या छातीतली युक्ती या जमिनीवर पोट घासणाऱ्या जिवाजवळही आहे. फुत्कार टाकणारी घोरपड पाहून आपण मागे सरतो. त्या फुत्कारामागचा भाता किती जुना आणि किती कुशल आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

मी कादंबऱ्या लिहितो. यशवंतीसारखे पात्र हातचे घालवताना कादंबरीकाराच्या जिवावर येते. दंतकथा खोटी म्हणून पोवाडा फाडून टाकावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. पोवाडा ऐकावा, अंगावर रोमांच उभे राहू द्यावेत. पण त्या घोरपडीने नकळत कोणाची जागा घेतली आहे, ते पाहावे. ती जागा आहे कडा चढणाऱ्या माणसाची.

आपल्या पन्हाळ्याचीच गोष्ट घ्या. १६७३ सालच्या मार्च महिन्यात, ६ तारखेच्या रात्री, कोंडाजी फर्जंद अवघे साठ गडी घेऊन पन्हाळ्याचा कडा चढला. वर जाऊन रणशिंगे फुंकली, किल्लेदाराला कापले, आणि पहाटेपूर्वी गड घेतला. हा प्रसंग घडल्यावर लवकरच जयराम पिंड्ये या कवीने त्यावर संस्कृत काव्य रचले. कोंडाजीच्या कथेत आपण घोरपड कधी ऐकली नाही. तिथे माणसे पुरली. मग सिंहगडाला का पुरू नयेत? जी बोटे पन्हाळ्याच्या खाचा शोधू शकली, तीच बोटे कोंढाण्याच्या खाचा शोधू शकत होती. सभासदाच्या त्या दोन मावळ्यांनी, नखे नसलेल्या बोटांनी, काळोखात कडा चढून वरून दोर सोडला असला पाहिजे. तेच त्या रात्रीचे खरे नवल. त्यांची नावे सभासदाने लिहिली नाहीत. नाव नसलेल्या माणसाची आठवण लोक फार दिवस जपत नाहीत. त्या रिकाम्या जागी शाहिराने एक जनावर बसवले आणि त्याला मात्र नाव दिले. तानाजीला पुतळे मिळाले, घोरपडीला यशवंती हे नाव मिळाले, आणि त्या दोघांना काहीच मिळाले नाही. कोणी म्हणतात, घोरपड म्हणजे दोराचे किंवा शिडीचे नाव असेल. कोणी म्हणतात, चढणाऱ्या गड्यालाच लोक घोरपड म्हणत असतील. हे तर्क आहेत. पण त्यातला दुसरा तर्क मला आवडतो, कारण त्यात माणूस परत येतो.

या दंतकथेत नुकसान झालेले दुसरेही एक आहे, ते म्हणजे खुद्द घोरपड. जिने कड्याला धरून गड घेतला, तिच्या अंगात काही विलक्षण ताकद असणार, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजली. म्हणून तिचे तेल सांध्यांना चोळायचे, मांस कमरेच्या दुखण्यावर खायचे. हे तेल म्हणजे काय, ते रसायन स्पष्ट सांगते: जनावराची चरबी वितळवलेली, जशी बोकडाची तशी घोरपडीची. कड्यावरची पकड चरबीतून गुडघ्यात उतरत नाही; त्या पकडीतला मोठा वाटा नखांचा होता, आणि नखे तर कापणारा फेकून देतो. वाघ्या-मुरळीच्या दिमडीला पूर्वीपासून घोरपडीचे कातडे लावत आले. गेल्या काही वर्षांत तर ‘हत्ता जोडी’ नावाने एक दुर्मिळ मुळी विकली जाते. घरात ठेवली की लक्ष्मी येते म्हणतात. तपासणीत निघाले की तिच्यातले पुष्कळसे नमुने मुळी नसून नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय आहे. जिवंतपणी कापून काढलेले. देवघरात हळदकुंकू लावून लोक ज्याची पूजा करतात, ते हे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तिला मारणाऱ्याला तीन ते सात वर्षे कैद होऊ शकते. पण कायदा वनरक्षकाच्या पायांनी चालतो आणि समजूत वाऱ्याने पसरते. ज्या शेतात घोरपड असते, तिथे ती उंदीर खाते, किडे खाते, मेलेले जनावर साफ करते. उसाच्या फडात उंदरांनी हैराण झालेला आपल्याकडचा शेतकरी त्याच फडाच्या बांधावर घोरपड दिसली की काठी उचलतो, कारण तिचे तेल कमरेला चांगले. हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवला, असा प्रश्न पडला तर उत्तर आमच्याकडेच बोट दाखवते, मास्तरांच्या वर्गाकडे. यशवंतीचा धडा आम्ही तीन पिढ्या शिकवला. घोरपडीचा धडा शिकवलाच नाही.

इतिहासाने कोणाचा मान काढून घ्यायचा नसतो. ज्याचा त्याला द्यायचा असतो. घोरपडे घराण्यांची कीर्ती घोरपडीवर अवलंबून नाही. संताजीच्या तलवारीला सरड्याच्या आधाराची गरज नव्हती. सिंहगडाचा मान तानाजीचा आणि त्या दोन बिननावाच्या गड्यांचा. घोरपडीचा मान तिच्या गळ्यातल्या भात्याचा, उन्हाच्या हिशेबाने चालणाऱ्या तिच्या रक्ताचा, आणि आपल्या बांधावर ती करत असलेल्या बिनपगारी राखणीचा. तीनशे-साडेतीनशे वर्षे आपण तिच्या कमरेला एक दोरी बांधून ठेवली आहे. त्या दोरीवरून कोणी वर गेले नाही. तिच्या टोकाला घोरपड तेवढी अडकून मरते आहे. ती दोरी आता सोडावी.